पाइपचा धूर

आमच्या तिरोलच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल, की ऊन चढलं की उतारावरची हवा वर चढते आणि माणसाचा वास थेट सावजाच्या नाकात नेऊन घालते. म्हणून मी अंधारातच चढून वरच्या खिंडीत दबा धरला होता. रानबोकड खाली उतारावर चरत होता, बंदुकीच्या टप्प्याबाहेर. त्याच्याही खाली, कुरणात, आजोबा. गुडघ्यांमुळे त्यांना वर येणं जमत नाही.

"पाइप पेटवायचा नाही हं," मी निघताना बजावलं होतं.

"बरं, बाईसाहेब."

नऊला ऊन आलं, आणि कुरणातून निळसर धूर निघाला! सरळ वर, बोकडाकडे. मी दातओठ खाल्ले. ऑक्टोबर संपत आलेला, हंगामाचा शेवटचा दिवस, माझी पहिलीच शिकार, आणि या म्हाताऱ्याला एक झुरका आवरेना!

बोकडानं मान उचलली, नाक फेंदारलं आणि उधळला. धुराला पाठ करून, वर. खिंडीकडे. माझ्याकडे! मी चाप ओढला. नेम चुकला नाही.

बोकड ओढत खाली आणला, तेव्हा आजोबा निवांत पाइप झटकत होते. पहिल्या शिकारीचा रिवाज म्हणून त्यांनी फरच्या झाडाची डहाळी रक्तात बुडवली आणि माझ्या टोपीत खोवली.

मी भोवती पाहिलं. नुसतं गवत.

"आजोबा, इथं तर एक झाड नाही. ही कुठली?"

"आपल्या दारातली. पहाटे निघतानाच तोडून घेतली."