पेटीतली सटवाई

गोजरबाई पालेगावाहून तरातरा चालत आली ती थेट विष्णुपंतांच्या क्वार्टरमध्ये शिरली. समोर माशांची काचेची पेटी. पेटीच्या तळाशी काळा दगड. तिनं बोट रोखलं.

"हीच आमची सटवाई! काढा तिला भायेर!"

विष्णुपंत कारखान्यातले केमिस्ट. नुकतेच ड्युटीवरून आलेले. चहाची बशी तोंडाशीच राहिली.

"बाई, शेताच्या बांधावर पडला होता तो. वीस दगड तपासले मी. ॲसिडचा थेंब टाकला की चुन्याचा दगड फसफसतो. तसला पेटीत ठेवला तर पाणी बिघडतं, मासे मरतात. हा एकच गप्प राहिला."

"देवी हाय ती, सोसलंन बिचारीनं! तिच्या डोक्यावर ॲसिड ओतलंत तुमी?"

"थेंबभर हो."

"आन् शेंदूर? तो दिसला नाय?"

"दिसला की. म्हणून तर ब्रशनं घासला. माशांना विष असतं ते."

आता मात्र गोजरबाईचा आवाज शेजारच्या चार क्वार्टरांत गेला.

"माजी सून चिमी बाळंत झालीय. आज पाचवी. सटवाई पोराच्या कपाळी नशीब लिवनार, आन् बांधावर बघते तर नुसता खड्डा! गुराख्याच्या पोरानं सांगितलं, तुमीच उचलून नेलंत. नातवाचं नशीब काय तुमच्या माशांनी लिवायचं?"

पंतांची बायको सुनंदा आतून धावत आली. "अहो, देऊन टाका त्यांचा देव!"

पंत उठेपर्यंत कोण थांबतंय? गोजरबाईनं बांगड्या वर सारल्या आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. एक चपटा मासा सरळ तिच्या बोटांवर धावून आला. चावलाच.

"अगो! ह्यो मासा चावतो का?"

"मादी आहे ती. अंडी घातलीत तिनं दगडावर," सुनंदा हळूच म्हणाली. "दगड बाहेर काढला तर जातील."

गोजरबाईनं वाकून बघितलं. खसखशीएवढे दाणे दगडाला चिकटलेले. मासा पंखानं त्यांना वारा घालत होता. तिनं हात बाहेर काढला, पदराला पुसला.

"हिचंबी बाळंतपन हितंच का," ती पुटपुटली. राग काही उतरला नव्हता. पदराची गाठ सोडून तिनं हळदकुंकू घेतलं आणि दगडासमोर काचेवर बोटं टेकवली.

"अहो, काचेवर काय—" पंत पुढं झाले.

"गप ऱ्हावा! माज्या नातवाची पाचवी आता हितंच होनार. आन् ते बूट काढा आधी. देवीपुढं बूट घालून उभं ऱ्हातात?"