नऊ जणांचं आडनाव

ओपांनी कोटाच्या एका खिशातून पितळी पाटी काढली आणि दुसऱ्यातून स्क्रू-ड्रायव्हर. पाटीवर एकच शब्द कोरलेला होता, एलरह्यूल्स.

ओपा म्हणजे हेन्निंगचे आजोबा. त्यांनीच त्याला वाढवलेलं. उद्या सकाळी श्टांडेसआम्टमध्ये, नोंदणी कचेरीत, अन्वी आणि हेन्निंगचं लग्न होतं, आणि एर्लांगेनमधल्या या नव्या फ्लॅटच्या दारावर आपल्या हाताने पाटी लावायची म्हणून म्हातारा वेस्टफालियाहून गाड्या बदलत आला होता. इकडे जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. दारावर आडनाव नसलं की पोस्टमन टपाल घेऊन सरळ परत जातो. भेट कामाची होती, यात शंका नाही. फक्त एक गोष्ट ओपांना अजून कुणी सांगितली नव्हती, अन्वीच्या आईबाबांनाही नाही.

"तू सांग ना," अन्वी पुटपुटली.

"सांगतो," हेन्निंग म्हणाला. गेला महिनाभर तो असाच सांगत होता.

पुण्याहून आलेले अन्वीचे आईबाबा, शुभदाबाई आणि पद्माकर, जिन्यात उभे होते. त्यांना जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ओपा बोलत होते आणि अन्वी मराठीत सांगत होती. ओपांचा विषय ठरलेला. "अख्ख्या जर्मनीत आम्ही नऊ एलरह्यूल्स उरलोय. पूर्वी टेलिफोनच्या डिरेक्टरीत शोधायचो, आता इंटरनेटवर शोधतो. पाच जण तर माझ्याहून म्हातारे. तरुण म्हणावा असा हा एकच." त्यांनी हेन्निंगच्या दंडावर थाप मारली आणि पाटी चौकटीला टेकवली. "उद्यापासून दहा!"

पहिला स्क्रू लाकडात शिरायला लागला.

"ओपा, थांबा." हेन्निंग पुढे झाला. "अन्वी आडनाव बदलणार नाही. आणि घरात एकच आडनाव असावं असं आम्हाला वाटतं. म्हणून मी तिचं घेतोय. नेरूरकर."

स्क्रू-ड्रायव्हर थांबला. जिन्यातला दिवा ठरलेली वेळ संपून आपला आपण विझला. बटण दाबायचं कुणालाच सुचलं नाही.

"अगं, काय झालं काय?" पद्माकरांनी विचारलं. अन्वीने सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "जावई आमचं आडनाव लावणार? काहीतरीच काय! घरजावई म्हणतील त्याला. पुण्यात तोंड कुठे दाखवू मी?"

"नऊचे आठ," ओपा अंधारात म्हणाले. "तीनशे वर्षं टिकलं. दोन युद्धांत टिकलं. आणि तू ते एका मुलीसाठी..." मग ते अन्वीकडे वळले. "तुमच्या आडनावाची माणसं किती?"

"हजारो असतील."

"मग त्यातलं एक गेलं तर तुझं काय जातं?"

"हजारो असले तरी माझं एकच आहे, ओपा," अन्वी म्हणाली. तिला रडू आवरेना.

शुभदाबाईंनी भिंतीवर चाचपडून बटण दाबलं. उजेड झाला. "अन्वी, त्यांना विचार, हे आडनाव आलं कुठून?"

"अगं, ही काय वेळ आहे का?" पद्माकर म्हणाले.

"तू विचार गं."

हा प्रश्न आला की ओपांना सांगितल्याशिवाय राहवायचंच नाही. रागातही त्यांनी सांगितलं. एलरह्यूल्स हे मुळात शेताचं नाव. पाणथळ रान तोडून केलेलं शेत. मालक वारला, शेत बायकोकडे आलं. एक परगावचा माणूस तिच्याशी लग्न करून तिथेच राहिला. तिकडे रीतच होती, शेतावर जो नांदायला येईल त्याने शेताचं नाव लावायचं. अन्वीच्या तोंडून 'नांदायला' असंच आलं. तोच आमचा मूळपुरुष, ओपा म्हणाले.

"म्हणजे घरजावईच की!" पद्माकर बोलून गेले. त्याचं भाषांतर कुणी केलं नाही.

शुभदाबाई हसल्या नाहीत. "आणि त्या माणसाचं आधीचं आडनाव काय होतं?"

अन्वीने विचारलं. ओपांनी जन्मभर माणसं मोजली, पण हे काही त्यांच्या मनात आलं नव्हतं. "माहीत नाही," ते म्हणाले. "कुणालाच माहीत नाही."

"माझं मनोरमा होतं," शुभदाबाई म्हणाल्या. "लग्नात यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'शुभदा' लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मी हसत होते आणि आत तुटत होते. आई होती तोवर मनू म्हणून हाक मारायची. आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. सांग त्यांना. सगळं सांग."

अन्वीने सांगितलं. मनोरमा हे नाव तिला ठाऊक होतं, तुटणं ठाऊक नव्हतं. पद्माकर जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले.

"मनोरमा," ओपांनी हळूच म्हणून पाहिलं. शुभदाबाईंनी डोळे पुसले.

ओपांनी अर्धवट गेलेला स्क्रू उलटा फिरवून काढला. झालं, अन्वीच्या मनात आलं, आता पाटी खिशात जाणार आणि उद्या म्हातारा काही लग्नाला येत नाही. ओपांनी पाटी पालथी केली. नाव चौकटीकडे, कोरी बाजू बाहेर. तशीच ती टेकवून त्यांनी दुसरा स्क्रू अन्वीच्या हातात दिला. "धर."

"ओपा, अशी कोरी लावली तर पोस्टमन परत जाईल," हेन्निंग म्हणाला.

"आजचा दिवस जाऊ दे. उद्या तुमचं नाव लावा." ओपांनी पुन्हा स्क्रू फिरवायला सुरुवात केली. "आज ही त्याची पाटी. तो शेतावर नांदायला आला होता ना, त्याची."