वॉल्ट्झमधल्या शिट्ट्या

सगळे सीडी घेत होते, तेव्हा श्रीरंग भंगारातून जुन्या इंग्रजी रेकॉर्ड गोळा करायचा. ही रेकॉर्ड त्याला सातिवलीच्या एका गोदामात मिळाली. विलायतेतला कुठलासा वाद्यवृंद, वॉल्ट्झ नाचाचं हलकंफुलकं संगीत. रिठ्याच्या पाण्याने धुऊन त्याने ती रविवारी सकाळी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये लावली.

दुपारी जेवताना डाळ कच्ची निघाली.

“तीन शिट्ट्या मोजूनच गॅस बंद केला होता,” त्याची बायको लतिका म्हणाली.

जेवणं झाल्यावर श्रीरंगने रेकॉर्ड पुन्हा लावली. कुकर घासून ओट्यावर पालथा घातला होता. वॉल्ट्झ रंगात आला आणि व्हायोलिनांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

“गोऱ्या साहेबाच्या घरी कुठला आपला कुकर?” लतिका हसली आणि ऐकायला त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली.

तिसरी शिट्टी झाली.

“अहो, गॅस बंद करा,” रेकॉर्डमधून एक बाई म्हणाली.

आवाज लतिकाचा होता. सोफ्यावरच्या लतिकाने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

श्रीरंग जागचा हलला नाही.

रेकॉर्डमध्ये सपाता घासत कोणीतरी जवळ आलं आणि थांबलं. मग त्याच आवाजाने हळूच विचारलं, “अहो, तुमच्या शेजारी कोण बसलंय?”