आधी मेंढीला

“आधी मेंढीला,” म्हणत लिंबाजीनं सुनेच्या हातातल्या लाल गोळ्या काढून घेतल्या अन् बायकोकडं, नर्मदाबाईकडं, दिल्या.

सुनेला, रागिणीला, पाचवा महिना होता. गोरेगावहून आलेल्या सिस्टरनं बोटातलं रक्त तपासून चिठ्ठीवर आठचा आकडा लिहिला होता. रक्त वाढलं नाही तर बाळंतपणात जिवावर बेतेल, असं बजावून तिनं महिन्याच्या तीस गोळ्या दिल्या होत्या.

पण लिंबाजीच्या घरचा रिवाज ठरलेला. नवा पाला असो की नवं औषध, आधी एका म्हाताऱ्या मेंढीला. तिला सोसलं, तरच बाकीच्यांना. अन् सून तर त्याला साऱ्या कळपाहून मोलाची.

“काहून वखत घालवता?” नर्मदाबाई म्हणाली.

“महिनाभर लंगडीला दे. रोज एक, भाकरीत घालून. पोटातल्या लेकराला काई झालं तर कोणाला इचारायचं?”

“बरं,” ती म्हणाली.

लंगडी म्हणजे ती म्हातारी मेंढी, दारातच बांधलेली असे. लिंबाजी दिवसभर कळपामागं. सांजेला आल्या आल्या तो तिच्या डोळ्याची पापणी उलटून बघे. पापणी पांढुरकी म्हणजे रक्त कमी, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

“आज दिली?”

“दिली की. तोंड वाकडं करते, पर गिळते.”

“भूक?”

“दीड भाकर खाऊन राहिली.”

पंधराव्या दिवशी त्याला पापणीत लाली दिसली. शेजारच्या लखमाला तो हाताला धरून घेऊन आला. लखमाला काहीच दिसेना.

“तुझे डोळे गेले,” लिंबाजी म्हणाला.

पंचविसाव्या दिवशी लंगडीनं दावं तोडलं. तिच्यामागं धावताना तो पोरासारखा हसत होता.

महिना भरला अन् सिस्टर आली. रागिणीचं रक्त घेऊन तिनं काचेची नळी उजेडात धरली अन् चिठ्ठीवर साडेनऊ लिहिलं.

“छान. गोळ्या नेमानं घेतल्या म्हणायच्या.”

लिंबाजीला हसू आवरेना. “घेतल्या मेंढीनं, बाई. सोसल्या तिला. सूनबाईला उद्यापासून बिनघोर द्या.”

सिस्टरनं चिठ्ठीकडं बघितलं, मग रागिणीकडं. रागिणीनं पदर तोंडाला लावला.

नर्मदाबाईनं गोळ्यांची रिकामी पाकिटं सिस्टरपुढं ठेवली.

“रागिणीच्या संपल्या, बाई. पुढच्या महिन्याच्या द्या. अन् यांच्या मेंढीलाबी आता चालू करायच्या का, तेवढं सांगा.”