सी-सॉची दुसरी बाजू

आमच्या बागेत नगरसेवक निधीतून सी-सॉ बसला. पण उद्घाटन व्हायचंय, त्यामुळे तो बसलेलाच नाही असं समजायचं. रिबिनीशेजारी तसा बोर्डच लावलाय.

अर्ज केला होता खांबेटे आणि रणपिसे या दोन म्हाताऱ्यांनी. "बाक नको, बाकावर माणसं नुसती वाट बघतात," असं रणपिशांनी अर्जातच लिहिलं होतं. निधी यायला तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी आचारसंहिता लागली, दुसऱ्या वर्षी सगळे पैसे प्रवेशद्वाराच्या कमानीत गेले आणि तिसऱ्या वर्षी, मंजुरीच्या आठवडाभर आधी, रणपिसे गेले.

आज संध्याकाळी खांबेटे रिबिनीखालून वाकून आत शिरले आणि सी-सॉच्या एका टोकावर बसले.

"ओ आजोबा, उतरा!" वॉचमन ओरडला. "साहेबांच्या हस्ते व्हायचंय अजून."

"अरे, मी वर गेलोच नाहीये. उतरू कुठून?"

वॉचमनने समोरचं रिकामं टोक बघितलं. ते उंच हवेत होतं. त्याने शिट्टी खिशात टाकली. "मी बसू का दोन मिनिटं?"

"तुझं नाव अर्जात नाही."

मग खांबेट्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून वॉर्ड ऑफिसला लिहिलं:

"महोदय, सी-सॉ मिळाला, आभारी आहे. परंतु दुसऱ्या बाजूची जागा रिक्त आहे. तरी सहअर्जदार श्री. रणपिसे यांना रोज सायंकाळी पाच ते सहा या वेळेत परत पाठवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."