फिल्टर

ताईला स्टँडवरून घरी नेताना धाकटा भाऊ वाटेत शोभेच्या माशांच्या दुकानात थांबला. दुकानदाराने स्पंजचा फिल्टर पुढे करताच त्याने नाक मुरडलं.

"हा नको, टाकीबाहेर बसणारा मोठा दाखवा. मुक्या जिवांना त्यांच्याच घाणीत ठेवणं मला बघवत नाही."

ताईला त्याचं कौतुक वाटलं.

घरी येताच तो फिल्टर जोडायला बसला आणि ताईने बाबांच्या खोलीचं दार उघडलं. आतून दुर्गंधीचा भपकारा आला. लकव्याने अंथरुणाला खिळलेले बाबा बरबटलेल्या चादरीवर तसेच पडून होते. लेकीला पाहताच त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

 

मागून धाकटा म्हणाला, "ताई, तेवढं दार ओढून घे गं. हॉलभर वास येतो."