तोंडातल्या तोंडात

कामगारांचा पुढारी पुटपुटत होता.

माइक चालू, कर्णे चालू, तरी धड काही कळत नव्हतं. “...हितासाठी... तडजोड... आपण सर्व...” बाकीचं घशातच.

“काय हो वहिनी, गुळणी धरलीय का ह्यांनी?” शेजारी बसलेल्या कांडीवालीनं विचारलं. ती नुकतीच गिरणीत कांड्यांवर सूत भरायला लागली होती.

पुढाऱ्याच्या बायकोनं मान खाली घातली. कराराची बोलणी गिरणीमालकाच्या बंगल्यावर चालली होती. तिथून नवरा मालकाच्याच गाडीतून आला, थेट मंचावर चढला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगात नवाकोरा शर्ट.

तिनं घेतलेला नाही.

मालकाची अट सगळ्यांना ठाऊक होती. दिलेला मजकूर तेवढा वाचायचा. पदरचा एक शब्द उच्चारला तर आजच गेटला कुलूप. मग कामगारांनी हात वर करायचे, की झाला करार. लांबलेल्या बोलण्यांना लोक कंटाळले होते. पुढारी म्हणेल ते करायला तयार होते.

आणि पुढारी असा!

हाच माणूस साळखात्यात, मागांवर, नव्या बायकांना दटावायचा, “ओठ उघड, बाई! इथं कान कामाचे नाहीत.” माग सुरू झाले की तिथं किंकाळीही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. थट्टा तशीच, भांडणंही तशीच, बिनआवाजी. ह्याच्या ओठांवरचा शब्द तर पार टोकाच्या मागावर कळायचा.

“विकला गेला,” मागून कुणीतरी म्हणालं. तिनं वळून बघितलं नाही. तिलाही तेच वाटत होतं.

एक ओळ पुटपुट. थांबला. दुसरी ओळ. पुन्हा थांबला. इतका कशाला थांबतो?

ऐकू येईना, म्हणून ती बघू लागली. सवयच ती.

बघितलं.

मालक मंचावरच्या मागच्या खुर्चीतून म्हणाला, “मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

कांडीवालीचा हात अर्धा वर गेला होता. पुढाऱ्याच्या बायकोनं तो खाली ओढला. बाकी एकही हात हलला नाही. सगळ्यांच्या नजरा पुढाऱ्याच्या तोंडावर.

मालक उखडला. “असं तोंडातल्या तोंडात वाचल्यावर काय कळणार लोकांना? चार माणसांत बोलायचं तर शब्द न् शब्द सुटा हवा! पुन्हा वाचा. नीट.”

“चुकलंच, साहेब.”

मालकाकडे पाठ करून पुढाऱ्यानं कागद उचलला. मघा दर ओळीनंतर म्हटलं होतं तेच, आवाज न करता, शब्द न् शब्द सुटा करून, तो पुन्हा म्हणाला: निम्मे माग विकलेत. हात वर करू नका.

खालून बायकोनंही नुसते ओठ हलवले.

“कळलं हो. पार शेवटच्या रांगेपर्यंत.”